त्यांच्या आजोबांची कवळी

नव्वदच्या दशकात इंदिरानगरात दातांचे दोन दवाखाने समोरासमोर होते. एक माझा, एक त्यांचा. हात म्हणाल तर माझाही चांगला आणि त्यांचाही चांगला. हे दुसरं 'चांगला' लिहिताना पेन अडखळतंय. फरक एवढाच, की त्यांच्याकडे भाषण होतं.

भाषणं नव्हे. भाषण. एकच.

त्यांचे आजोबा म्हणे एका लग्नाच्या पंगतीत डिंकाचा लाडू चावायला गेले आणि कवळी लाडवातच रुतून बसली. आजोबांनी लाडू शांतपणे पानात ठेवला. मग तो लाडूच पंगतीकडे बघून हसायला लागला. आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "आता हाच मला खाणार!"

बस. एवढ्यावर माणसाने नाव कमावलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात या गोष्टीचं तात्पर्य होतं, हावरटपणा करू नये. सिन्नरच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहात कवळी म्हणजे सैल नट. मालेगावला यंत्रमागवाल्यांच्या मेळाव्यात आजोबांचा लाडू थेट मागात अडकला. एका शोकसभेतही त्यांनी कवळी काढली. लोक डोळे पुसत हसले आणि निघताना दवाखान्याची वेळ विचारून गेले.

मी मात्र दर वेळी नवं भाषण लिहायचो. 'हिरड्या आणि हृदय', 'दंतमंजनाचा इतिहास'. लोक मला 'समोरचे डॉक्टर' म्हणत. माझ्याच खुर्चीत, माझाच कापूस तोंडात धरून पेशंट मला ती लाडवाची गोष्ट सांगायचे. मी रात्री जेवताना चिडचिड करायचो, तेव्हा बायको म्हणायची, "पोळी तव्यावर आहे, पण जळाल्याचा वास तुमच्याकडून येतोय."

त्या वर्षी गोदाकाठच्या उन्हाळी व्याख्यानांत शेवटच्या दिवसाचं आमंत्रण त्यांना आलं. ते आमंत्रण आपल्याला यावं म्हणून मी वर्षानुवर्षं पांढरा झब्बा इस्त्री करून ठेवला होता.

आणि नेमकं त्या भाषणाच्या दिवशीच दुपारी माझ्या दवाखान्याचं मागचं दार वाजलं. ते उभे होते. गाल पुरीसारखा टम्म.

"अक्कलदाढ," ते कण्हले. "स्वतःची स्वतःला काढता येत नाही हो डॉक्टर. आणि पुढच्या दाराने आलो असतो तर गावभर झालं असतं."

आहाहा! तो जबडा माझ्या दिव्याखाली उघडा पडला तेव्हा मला जो आनंद झाला, त्याला कुठल्याही शास्त्रात नाव नाही. पण दाढ मी नीट काढली. धंद्याशी बेइमानी नाही. अर्धं तोंड बधिर, दुसऱ्या अर्ध्यात बोळा. त्यांनी खुणेनेच सांगितलं: संध्याकाळी तुम्ही जा.

गेलो की! झब्बा घातला, खिशात 'हिरड्या आणि हृदय'. नदीकाठी गर्दी तुडुंब. मी हृदयाच्या झडपांपर्यंत पोचलो नाही तोच मागून आवाज आला, "ओ डॉक्टर, ती लाडवाची होऊन जाऊ द्या!" मग टाळ्यांचा ताल सुरू. लाडू! लाडू!

सांगितली. पाठच होती. लाडू पानात हसू लागला, आजोबांचं वाक्य झालं, हशा उसळला, आणि त्या हशाच्या लाटेवर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तेवढ्यात वाढपी आला आणि लाडवाकडं बघून म्हणाला, 'आबा, तुमाला वाढू का याला?'"

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मी डोळे मिटून घेतले. हे माझं होतं. आजोबा त्यांचे, कवळी त्यांची, पण वाढपी माझा!

मग आभार मानायला चिटणीस उभे राहिले. "डॉक्टरसाहेब आजारी असूनही त्यांच्या विनोदाने आजची संध्याकाळ गाजवली. त्यांना लवकर आराम पडो." जोरदार टाळ्या. शाल मला दिली, त्यांना पोचवण्यासाठी.

मी पोचवली. गालावर बर्फ धरून त्यांनी विचारलं, "हसले?"

"हसले."

"कुठे जास्त?"

आणि मी, मूर्ख माणूस, फुशारकीच्या भरात त्यांना वाढपी करून दाखवला. खांद्यावर पंचा, कमरेत वाकून, आवाजासकट. ते हसले नाहीत. फक्त डोळे बारीक केले आणि म्हणाले, "परत एकदा करा बरं."

पुढच्याच महिन्यात एक आजीबाई माझ्या खुर्चीत बसल्या. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्याहून थेट आल्या होत्या. "अहो, तुमचे ते समोरचे डॉक्टर! काय तो वाढपी! 'तुमाला वाढू का याला?' असं सुचतं तरी कसं हो एखाद्याला?"

"मोठा आ करा," मी म्हणालो.