वीणा खाली टेकली तेव्हा

आमच्या गावात सप्ताह बसला की देवळातली वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. यंदा माझ्यानंतर शेजाऱ्याचा पहारा होता. धर्म बुडाला म्हणत श्रीगोंद्यात दुकानं बंद पाडणारा हाच. मला त्याच्या भक्तीबद्दल आधीपासूनच संशय. त्या दिवशीही असल्याच एका मोर्च्यातून तासभर उशिरा आला. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि पाणी पिऊन परत आलो, तर वीणा भिंतीला टेकवून गडी मोबाईलवर मोर्च्याचा व्हिडिओ बघतोय!

"अरे, वीणा खाली ठेवायची नसती!" मी ओरडलो.

"व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाई, तात्या."

धर्म कुणापासून वाचवायचा, हे मात्र त्याला कुणीतरी नीट सांगितलं होतं.