गच्चीवरच्या खोलीचं अंदाजपत्रक

आमच्या बाबांचा राग नाकावर, आणि जीभ त्याच्याही पुढे. आईनं मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचा विषय काढला, तेव्हा ते कारखान्यातून नुकतेच आले होते. चहाच्या आधी फीचा आकडा समोर आला आणि ते बोलून बसले, "माझ्या पगारातून एक पैसा भेटणार नाही. सांगून ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्यांना वाईट वाटलं असणार, कारण त्यांनी उगाचच भाजीची तारीफ केली. पण शब्द मागे घेणं आमच्या घराण्यात नाही. मूर्खपणासुद्धा आम्ही वचनासारखा पाळतो.

आईनं वाद घातला नाही. तिनं माझी भूगोलाची जुनी वही मागून घेतली. जबलपूरच्या रांझीत टेकाडावर आमचं घर होतं, आणि गच्चीवर टिनाच्या छताची एक खोली अडगळीनं भरलेली होती. लढाई पेटली होती, म्हणून बाबांच्या तोफांच्या कारखान्यात भरती निघाली होती. परीक्षेला येणारे उमेदवार चार दिवसांच्या जागेसाठी वणवण करत. आईनं ठरवलं, खोली द्यायची, दिवसाला दोन रुपये, आणि उरेल त्यातून फी भरायची.

नुसती मिळकत मांडून खूश होणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं आधी खर्च मांडला. पलंगाची नवार, धोबी, बल्ब, माठ, साबण, मच्छरदाणी, ब्लॅकआउटसाठी खिडकीला काळा कागद. 'फुटतूट' असा एक रकाना खास कपबशांसाठी. शिवाय महिन्यातले पंधराच दिवस खोली भरलेली धरायची. मी म्हटलं, "तीसही भरतील की!"

"भरतील तेव्हा पाहू," ती म्हणाली. "आता काहून उडून राहिली?"

आपली मराठी माणसं आली तर बरं, म्हणून तिनं पत्र्यावर मराठीत पाटी रंगवली, 'खोली खाली आहे', आणि फाटकाला टांगली. आठ दिवस झाले, कुणी फिरकलं नाही. फाटकापर्यंत ट्रंका घेऊन माणसं येताना मी स्वतः पाहत होते. पाटी वाचायची, मान डोलवायची आणि उतारावरून खाली चालू पडायची. नवव्या दिवशी मी एकाच्या मागोमाग गेले. तो साताऱ्याकडचा होता. तो थेट टेकाडाखाली राहणाऱ्या आमच्या शेजारीण चाचींच्या ओसरीत शिरला. तिथे आधीच तिघं जण बसून पुऱ्या खात होते.

आमच्या तीन पिढ्या जबलपुरात 'खाली' म्हणजे रिकामं असंच म्हणत आल्या. साताऱ्याच्या माणसाला मात्र 'खाली' म्हणजे खालीच. पाटी म्हणतेय खोली खाली आहे, तर बिचारा वर कशाला चढेल?

आई भाडं मागायच्या तयारीनं खाली उतरली. चाची म्हणाल्या, "अरे दीदी, हम तो तुम्हारे मेहमान समझ के रख लिए! पैसे काहे के?" पाहुण्यांना त्यांनी फुकट ठेवलं होतं, वर दोन वेळा जेवू घातलं होतं, आणि तेही आमच्या नावावर. आता आईवरच उपकार झाले. तिनं डबाभर चिवडा करून पाठवला आणि वहीत नवा रकाना घातला, 'चाचींना चिवडा'. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी इतकी हसले की मला पाटी पुसायला बसवलं.

नवी पाटी 'खोली रिकामी आहे' अशी लागली. चार दिवस एक नागपूरकर राहिला, त्यानं एक कप फोडला आणि गेला. मग भरतीच संपली. उमेदवार यायचे थांबले. फी भरायला तीन आठवडे उरले होते. आई वही उघडायची, बघायची, मिटायची. मला पहिल्यांदाच हसू येईना.

त्याच सुमाराला बाबांना सलग रात्रपाळी लागली. एका सकाळी ते उशी बगलेत मारून आईसमोर उभे राहिले. "पोरांच्या कालव्यानं झोप होऊन नाही राहिली. वरची खोली दे. भाडं काय असेल ते घे."

"दोन रुपये. धोबी वेगळा."

"घरच्या माणसाला सवलत?"

"नाही."

"चलो, ठीक आहे. पण हे भाडं आहे, पगार नव्हे. लक्षात ठेव."

आईनं मान खाली घालून पावती लिहिली. रोज सकाळी दोन रुपये यायचे. तिनं एका दिवसाचीही सूट दिली नाही, उलट एकदा उशीच्या अभ्र्याचे पैसे लावले. बाबा कुरकुरत द्यायचे.

एका भर दुपारी मी गच्चीवर वाळवण उलटायला गेले. आश्विनातलं ऊन, पाय पोळत होते. खोलीचं दार किलकिलं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, बनियन घामानं चिंब, जुन्या वर्तमानपत्रानं वारा घेत. डोळे लाल झाले होते. टिनाखाली भट्टी झाली होती, झोप कसली लागणार! आणि माझ्या एकदम ध्यानात आलं. खाली आम्ही कितीही धिंगाणा घातला, तरी हा माणूस वर्षानुवर्षं ढाराढूर झोपत आला होता. यंत्रांच्या खडखडाटाला सरावलेल्याला आमचा कालवा तो काय!

मला त्यांचं फार फार वाईट वाटलं, आणि तितकंच प्रेमही. मी म्हटलं, "बाबा, खाली चला ना."

"हळू बोल," ते म्हणाले. "अजून सहा दिवस भरायचे आहेत."