धुऱ्यावरचा पाला

यवतमाळच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, भीमराज बावीस वर्षांपासून परिचर आहे. प्रोफेसर बदलले, खुर्च्या बदलल्या, भीमराजचे अक्षर काही बदलले नाही. वाळवून कागदावर चिकटवलेल्या प्रत्येक झाडपाल्याखाली त्याची चिठ्ठी असते: नाव, तारीख, ठिकाण, तोडणाऱ्याचे नाव. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. "भीमराजभाऊंनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे पोरी म्हणत, आणि हा गडी वरवर लाजून आतून फुगत असे. माणसाने एवढे फुगू नये.

झाडपाल्यातल्या एखाद्या द्रव्याने विषाणू मरतो का, हे शोधणाऱ्या स्पृहा मॅडम विभागात आल्या, तेव्हा मानीबाईचे नाव भीमराजनेच काढले. दहा वर्षांपूर्वी त्याच्या कमरेला नागीण झाली होती. राळेगावकडच्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, मानीबाईने पाला वाटून लावला आणि आठ दिवसांत आग थांबली.

"नागीण आपोआपही बरी होते, भीमराज," मॅडम म्हणाल्या. "पण बघू. नागिणीच्याच घराण्यातल्या विषाणूवर नागपूरला तपासता येईल."

दोघे पोडावर गेले. मानीबाई त्या वेलीचे नाव सांगेना. नाव घेतले की गुण जातो म्हणे. वेल मात्र तिने दाखवली, आणि एकच अट घातली. "रानातलाच पाला घ्याचा. वावराच्या धुऱ्यावरचा नाही. मीच तोडून देईन."

पाला आणायच्या सोमवारी भीमराज एकटाच निघाला. वाटेत सासुरवाडीच्या फाट्यावर मेहुणा राजदीप भेटला. घरी मटण शिजत होते. जेवून उठेपर्यंत दुपार कलली, पुढची एसटी निघून गेली, आणि पोडापर्यंत तीन किलोमीटर चिखल तुडवायचा त्याला कंटाळा आला. तेवढ्यात राजदीपच्या कापसाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तीच वेल दिसली, हिरवीगार. कापूस आदल्याच दिवशी फवारलेला, वास अजून येत होता. भीमराजने पिशवी भरली, पंपावर साबण लावून हात धुतले आणि यवतमाळ गाठले. स्वतःचे हात धुवायचे त्याला बरोबर सुचले, हे विसरू नका. मग चिठ्ठीवर त्याने सुरेख अक्षरात लिहिले: ठिकाण, पोडामागचे जंगल.

दीड महिन्याने नागपूरचा अहवाल आला. विषाणूचे राहू द्या, तो ज्या जिवंत पेशींवर वाढवतात त्या पेशीच मेल्या होत्या, अर्क अगदी थेंबभर घातला तरी.

"विषारी निघाला," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम थांबलं. पण त्या बाई लोकांना लावतात हो! उद्याच जा आणि बंद करायला सांगा."

पाला वाळवण्याआधी धुतला होता खरा. पण फवारा पानाच्या आत मुरतो, हे कापसाच्या मुलखात शाळकरी पोरालाही कळते. भीमराजला सगळे कळले, आणि त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. बावीस वर्षांचे मोत्याचे दाणे एका दुपारच्या मटणापायी मातीत घालवायचे? दुसऱ्या दिवशी तो पोडावर गेला, निरोप सांगितला. मानीबाई "बरं" म्हणाली, आणि तिने चहा ठेवला. तो चहा हा माणूस प्यायला.

त्यानंतर मात्र त्याचा डबा भरलेलाच घरी परत येऊ लागला. "काहून जेवून नाही राह्यले?" बायको, जया, विचारायची. तिलाही सांगायची त्याला लाज वाटली. पंधरा दिवस असे काढल्यावर एका रविवारी तो उठला आणि कुणी न पाठवता पोडावर गेला.

मानीबाई निम्मी झाली होती. त्याला पाहताच ती आत गेली आणि जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे घेऊन आली.

"हे ने, बाबू. तू सोमवारी येतो म्हणलं होतं, म्हणून सकाळीच तोडून ठेवला होता. दिवस बुडेपर्यंत तुही वाट पाह्यली. मंग वाळवून ठेवला. आता कुठं पुरून टाक, घरात लेकरं हायेत."

भीमराजने गाठोडे हातात घेतले.

"एक सांग," ती म्हणाली. "आमचा बुढा गेला, त्याच्या महिनाभर आधी त्याच्या पाठीले मी हाच पाला लावला होता. डाक्टर म्हणे हार्ट. पण तुमच्या मशिनीनं त जहर सांगतलं. मीच मारलं काय त्याले?"

"नाही, मावशी, नाही!" भीमराज खालीच बसला. "तो पाला तुमचा नव्हताच. मी इथं आलोच नाही त्या दिवशी. साळ्याच्या धुऱ्यावरचा तोडला, फवारलेला. अन् लिहिलं जंगल म्हणून. तुमचा पाला त अजून कोणी तपासलाच नाही."

मानीबाईने त्याच्या हातातल्या गाठोड्यावर हात ठेवला. तिने शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरे वाटले असते.

"पंधरा दिस," ती म्हणाली, "मी त्याच्या फोटोकडं पाह्यलं नाही."

भीमराजला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो उठला तशी ती मागून म्हणाली, "गाठोडं मॅडमले दे. चिठ्ठी तिलेच लिहाले लाव. तू नको लिहू."

सोमवारी त्याने मॅडमना सगळे सांगितले, हा निरोपही सांगितला. मॅडमनी कपाटातून तो जुना कागद काढला. मग जुन्या चिठ्ठीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि नवी लिहायला घेतली. मॅडमचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ठिकाण लिहिताना एकदा खाडाखोड झाली; तोडणाऱ्याच्या नावापुढे त्यांनी मानीबाई लिहिले. भीमराज बाजूला डिंकाची बाटली धरून उभा होता. लिहून झाल्यावर त्याने ती चिठ्ठी घेतली आणि सरळ चिकटवली. तेवढेच काम आता त्याच्याकडे उरले होते.