शेवटच्या पानावरची चाल

आमच्या घरात भूतखेत, संकेत, दृष्टान्त असल्या गोष्टींना थारा नव्हता. नागपूरचं बौद्ध कुटुंब, बाबा विज्ञानाचे शिक्षक... मीही त्याच वळणाची. तरीही हे लिहितेय.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहते, आयटीत आहे. गेल्या हिवाळ्यात इथल्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, आम्ही एक रशियन चर्च-गीत बसवत होतो. ते एका रशियन कथेवरून सुचलेलं — मुलगा बर्फात वाट चुकतो, आणि आवाजाच्या रोखाने त्याला घर सापडावं म्हणून आई दारात उभी राहून दिवसभर प्रार्थना गाते.

त्याच वेळी नागपुरात माझी आई अंथरुणाला खिळली होती. डिमेन्शिया. चार महिने तोंडातून शब्द नाही. माझं व्हिसा एक्स्टेंशन अडकलेलं... गेले असते तर परत येता आलं नसतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

वहिनी रोज मला आईशी व्हिडिओ कॉल लावून द्यायची. त्या मंगळवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवून मी प्रॅक्टिस करत होते, टॅबवर माझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू. माझी ओळ संपली आणि फोनमधून आवाज आला — घोगरा, पण सुरात.

"ताई, आई गाऊन राहिल्या! ऐका ना!" वहिनी ओरडलीच.

"आई, मी आहे गं. ओळखलंस?"

ती गातच होती. तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली. "वहिनी, अर्ध्या तासात करते," म्हणून मी फोन ठेवला.

वीस मिनिटांनी दादाचा फोन आला. आई गेली होती.

तीन आठवड्यांनी कॉयरला गेले. गाणं बसवणाऱ्या कंडक्टरला ते रेकॉर्डिंग ऐकवलं... आईचा आवाज कुणीतरी ऐकावा, एवढ्यासाठीच. त्याचा चेहरा बदलला. त्याने बॅगेतून त्या गीताचं शेवटचं पान काढलं. त्यावर कथेतल्या आईची प्रार्थना होती. आई जे गायली, स्वरन् स्वर तेच. ते पान त्याने अजून कुणालाच दिलं नव्हतं. मीही ती चाल कधी ऐकली नव्हती.

"तुझी आई रशियन संगीत ऐकायची?"

"विहारात वंदना म्हणायची. बाकी काही नाही."

नवरा म्हणतो, योगायोग. असेलही.

मात्र एक गोष्ट राहवेना म्हणून मी वहिनीला विचारली. मी फोन ठेवल्यावर आई थांबली का?

ती हळूच म्हणाली, "नाही ताई. शेवटपर्यंत गात होत्या... दाराकडे पाहून."