टपालरावांची फोर-स्ट्रोक

सोफे आणि गाड्यांच्या सिटा शिवणाऱ्या त्या बाईला दुकानात सगळे ताई म्हणत, आणि मोटरसायकल शर्यतींच्या मातीच्या ट्रॅकवर भिंगरी. दुकानात ती गप्प असे. काम करताना ओठांत खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. पण रविवारी हेल्मेट चढवलं की बाई वेगळीच.

तिची टू-स्ट्रोक गाडी म्हणजे तापट डोक्याची कार्टी होती. इंजिन हळू फिरत असलं की नुसती खोकायची आणि एकदा किंचाळायला लागली की अशी उसळायची, की खांदे निखळायचे तेवढे बाकी राहत. सतत पेटती ठेवावी लागे तिला. दोन बोटं क्लचवर नाचती, गियर खाली-वर, डोळे पुढच्या वळणावर. जरा ढिलं सोडलं की गाडी झोपलीच. भिंगरीला हे लग्नाआधीपासून अंगवळणी पडलेलं. तिचा नवरा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. "तुझी हाडं परक्या माणसानं बघू नयेत म्हणून ही नोकरी धरलीय," असं तो पाहुण्यांना सांगे.

ट्रॅकवर तिची चुरस एकाच माणसाशी होती. हा माणूस पेशानं पोस्टमन, म्हणून सगळे त्याला टपालराव म्हणत. वयानं तिच्यापेक्षा बराच मोठा. त्याची गाडी फोर-स्ट्रोक, जड अंगाची, घुमणाऱ्या आवाजाची. भिंगरी जीव तोडून पुढे राही आणि तो घुमणारा आवाज शर्यतभर तिच्या पाठीमागे. शेवटी ती धापा टाकत मातीत बसे, आणि टपालराव हेल्मेट काढून निवांत थर्मासमधला चहा ओतत. हे बघून तिचं डोकं फिरे. हा गडी हातचं राखून चालवतो, अशी तिची खात्रीच होती.

मग एका सरावात तिच्या गाडीचा पिस्टन फुटला आणि त्याचे तुकडे सिलिंडर खरवडून गेले. मेकॅनिकनं इंजिन उघडलं आणि फडक्यानं हात पुसले. "ताई, ह्याचे पार्ट आता कुणी बनवत नाही," तो म्हणाला. ती दुकानात आली आणि एका खुर्चीचं कापड उलटं शिवून बसली.

त्याच सुमारास टपालराव दुकानात आले. लंगडत, काखेत गाडीची सीट घेऊन.

"कव्हर फाटलंय. नवं घाल."

"पायाला काय झालं?"

"गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो, आता गाडी बंद. विकायचीय, म्हणून म्हटलं जरा नीटनेटकी करावी."

ओठांतले खिळे तिनं काढून हातात घेतले. "कोण घेतंय?"

"अजून कुणी नाही." ते सीटवरून हात फिरवत राहिले. "तू घेतेस का? दुसऱ्या कुणाच्या बुडाखाली बघवणार नाही मला."

अशी ती गाडी भिंगरीकडे आली, आणि पहिल्याच रविवारी तिनं भिंगरीला तोंडावर पाडलं. उडीच्या चढावर भिंगरीनं जुन्या सवयीनं अॅक्सिलरेटर सोडला. टू-स्ट्रोक असती तर पुढे घरंगळत गेली असती. हिनं मात्र मागून कुणी शर्ट धरून ओढावं तसा वेग ओढून धरला. गाडीचं नाक खाली गेलं आणि भिंगरी हँडलवरून मातीत.

नवऱ्यानं मनगटाचा एक्स-रे काढला, उजेडावर धरला. "हाड शाबूत आहे. डोकं तेवढं तपासून घे."

मनगट बरं झालं, पण गाडीशी गट्टी काही जमेना. ती इंजिन किंचाळवायला जाई, तर गाडी नुसता आवाज करी आणि वळणावर बाहेर फेकली जाई. क्लचवर बोटं नाचवून हात दगडासारखे होत. त्यात टपालराव दर रविवारी कुंपणाला रेलून ओरडत, "एक गियर वर! अगं, वर!"

"ह्यापेक्षा सासू परवडली," ती एकदा हेल्मेट आपटत म्हणाली. "मी विकून टाकते ही. हत्तीण आहे नुसती."

टपालराव रागावले नाहीत. म्हणाले, "विक. पण आधी मला एक फेरी मारू दे."

"डॉक्टर?"

"डॉक्टर आज इथे नाहीये."

तिनं गाडी धरली, ते कसेबसे चढले आणि निघाले. पायदानांवर उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून बसूनच चालवत होते. उड्या टाळून सावकाश एक फेरी. भिंगरी आजवर ह्या माणसाच्या पुढेच राहिली होती, त्यामुळे त्यांना चालवताना तिनं नीट असं कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. वळण यायच्या बऱ्याच आधी ते अॅक्सिलरेटर सोडत आणि गाडी आपली आपण हळू होई. वळणात गियर वरचाच. बोटं क्लचला शिवतही नव्हती. मग मनगट जरासं वळे आणि ती हत्तीण मागच्या चाकानं माती चावत, आरडाओरडा न करता बाहेर पडे.

परत आल्यावर त्यांना उतरता येईना. पाय सीटवरून पलीकडे जाईचना. दोघंही हसत सुटले. शेवटी तिनं गाडी आडवी कलती केली तेव्हा ते खाली आले, आणि गाडीकडे पाठ करून डोळे पुसू लागले.

"एवढी वर्षं तुम्ही हातचं राखून चालवत होतात ना?" तिनं विचारलं.

"हातचं?" ते वळले. "तुला गाठायचं म्हणून जिवाचं रान करायचो! घरी गेलो की संध्याकाळपर्यंत आडवा. चहा ओतत बसायचो, ते उठायचं त्राण नसायचं म्हणून."

भिंगरीनं हेल्मेट चढवलं आणि ट्रॅकवर गेली.

जमायला हिवाळा गेला. बोटं क्लचकडे पळत, ती त्यांना मागे आणी. थांबायचं तिथे थांब, बाकी गाडीला करू दे, असं ती स्वतःला बजावत राही. मधेच जुन्या गाडीची आठवण यायची. मेकॅनिकनं तिची चाकं, टाकी सुट्ट्या भागांसाठी नेली, त्या दिवशी ती दुकानाचं शटर अर्धं ओढून थोडी रडली. घरी नवऱ्यानं चहा करून समोर ठेवला.

नव्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीत सुरुवातीलाच ती मागे पडली. पूर्वी अशा वेळी तिच्या डोक्यात जाळ व्हायचा. आज तिनं वरचा गियर टाकला आणि वाट बघितली. शेवटच्या फेऱ्यांत पुढच्यांचे हात थकले, वळणांवर ते बाहेरच्या बाजूला जाऊ लागले. ती आतल्या बाजूनं एकेकाला मागे टाकत गेली. पहिली नाही आली, तिसरी आली. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला शर्यत चालू असताना माणसांचे आवाज ऐकू आले होते. आपला श्वासही ऐकू आला होता.

ती कुंपणापाशी थांबली. ओरडून ओरडून टपालरावांचा घसा बसला होता.

"शेवटच्या वळणाला काय केलंस ते?" ते खरखरत म्हणाले. "मी कधीच तिथून आतून गेलो नाही."

"जाते की ही," भिंगरी म्हणाली. "गुपचूप जाते." आणि तिनं गाडीच्या टाकीवर थाप मारली.