जैतुनआपांना ऐकू आलं नाही

जैतुनआपांचा डावा कान खरंच निकामी होता की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. वर्गात कुणी पुटपुटत उत्तर दिलं की त्या तोच कान त्याच्याकडे करायच्या. "मले ऐकू नाही आलं. पुन्यांदा." पोरगं जरा मोठ्यानं बोलायचं. "नाही आलं." आणखी मोठ्यानं. शेवटी खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन वर बघतील इतक्या जोरात कलमा म्हणून झाला, की आपा उजवा कान वळवून समाधानानं म्हणायच्या, "हां, आता कसं! अल्ला तं मनातलं बी ऐकते गा. मले नाही ना येत." आणि ह्याच बाईला मागच्या रांगेत कुणी च्युइंगम चघळत असलं तर ते बरोबर ऐकू यायचं. डाव्या कानानं.

प्रताप नगरात मुसलमानांची घरं मोजकी. आमची पोरं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जाणारी, उर्दूचं अक्षर न येणारी. मशीद लांब, आणि तिथल्या मौलवीसाहेबांची उर्दू मशिदीहून लांब. म्हणून दर रविवारी सकाळी आपांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून दीनचा, म्हणजे धर्माचा, वर्ग भरायचा. एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला पोरी, सगळी तेरा ते एकोणीसची. आपा दारव्ह्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या. नवरा सलीमभाई बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये. आपा इस्लाम शिकवायच्या तो थेट वऱ्हाडीत. मीही तिथंच शिकले. त्यामुळे माझ्या डोक्यात जन्नत-दोजखचा सगळा कारभार 'काहून' आणि 'करून राहिला' ह्याच भाषेत चालतो. आता त्याला काही इलाज नाही.

पाच फर्ज, म्हणजे मुसलमानाची पाच कर्तव्यं, शिकवताना एकदा त्यांनी विचारलं, "जकात म्हंजे काय?" इम्रानचे आजोबा ट्रक चालवायचे. त्यानं लगेच हात वर केला. "आपा, ट्रक शहरात शिरताना नाक्यावर भरतात तो कर!" मी तेव्हा कॉलेजात होते, वर्गात मदतीला बसायचे. मला वाटलं, आता आपा त्याला समजावतील, की बाबा, आपली जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला गरिबांचा हक्काचा वाटा. आपा म्हणाल्या, "बरोबर हाय. तुया घरी माल येऊन राहिला ना गा? त्याच्यावर गरिबाचा नाका. फरक इतकाच, का ह्या नाकेदाराले चाय पाजून सुटता येत नाही."

मी वर्ग सुटल्यावर भांडले. "आपा, चुकीचं शिकवलंत. उद्या परीक्षेत हेच लिहितील."

"कोनती परीक्षा वं? ह्याची परीक्षा मेल्यावर हाय."

ह्या बाईशी वाद घालणं म्हणजे हे असं. त्यांना अडचणीचा प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर असायचं: "ते आपल्या पोर्शनमधी नाही." डायनॉसोर? पोर्शनमध्ये नाही. शेजारच्या काकू इतक्या चांगल्या आहेत, त्या जन्नतमध्ये जाणार की नाही? "ते अल्लाच्या पोर्शनमधी हाय. तू आपला वजू नीट कर, कोपर कोरडं राह्यलं तुयं." आणि नमाजआधी हातपाय धुताना कोपर खरंच कोरडं राहिलेलं असायचं, म्हणून आणखी राग यायचा.

ह्याच काकूंचं नाव काढणारी पोरगी म्हणजे नाझनीन. तेरा वर्षांची असताना तिनं रमजानच्या आधीच्या रविवारी गंभीरपणे विचारलं होतं, "आपा, रोज्यात साबुदाण्याची खिचडी चालते का?" शेजारी उपास बघत वाढलेली पोर, तिला वाटलं उपास म्हटला की साबुदाणा आलाच. सगळा वर्ग लोळला. आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसभर पानी बी चालत नाही. पन काकूले सांग, संध्याकाळी रोजा सोडाच्या टायमाले पाठोत जा म्हनावं." काकूंनी पाठवली की हो! त्या रमजानात खजुरानंतर दर शुक्रवारी साबुदाणा. आपा वर मलाच सांगायच्या, "शेंगदाने कमी टाकते थे बाई."

पुढे मी एका संघटनेत काम करू लागले. पोरींची शिक्षणं अर्ध्यावर तोडून लग्नं लावतात, त्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो, घरोघर जायचो. मला वाटलं, आपांचा वर्ग म्हणजे आयती जागा. पंधराएक पोरं दर रविवारी एका ठिकाणी बसतात आणि ही बाई त्यांना नाकात पाणी किती वेळा घ्यायचं ते शिकवते! मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले. 'मुलींनो, बोला! तुमचा होकार तुमचाच!' आपांनी चष्मा लावून पत्रक वाचलं, उलटून पाठीमागचा कोरा भाग बघितला आणि म्हणाल्या, "कागद चांगला हाय."

"आपा, मजकूर कसा आहे?"

"ओरडून राहिला." त्यांनी उद्गारचिन्हांवर बोट ठेवलं. "आन हे कोन वाचन? जिले बोलता येते थे. जिले नाही येत थे घडी करून ठेवन."

पुढच्या रविवारी पोरं माझ्या पत्रकांच्या पाठीमागे नमाजच्या रकाती, म्हणजे कुठल्या नमाजात किती आवर्तनं ते, लिहून घेत होती. मी महिनाभर त्या घराची पायरी चढले नाही. आपांनी निरोपही पाठवला नाही. सलीमभाई रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तेरी आपा पूछ रही थी, वैसे कागज और हैं क्या?"

आणि मग नाझनीनचं लग्न ठरलं.

एकोणीस पूर्ण, बीएस्सीचं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलमध्ये, लग्न मार्चमध्ये. वडील इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला. मुलाकडचे चंद्रपूरचे, घाईत. "परीक्षा शादी के बाद भी दे देगी," असं तिचे वडील म्हणाले. 'शादी के बाद' दिलेल्या परीक्षा किती असतात हे मी घरोघर फिरून बघितलंय, मला कुणी शिकवू नये. नाझनीन मला भेटली तेव्हा फक्त रडली. मी तडक आपांकडे गेले. आपा मेथी निवडत होत्या.

"तुम्ही जा आणि तिच्या वडिलांना सांगा. तुमचं ऐकतात ते."

"काय सांगू?"

"लग्न थांबवा म्हणून!"

"नाझनीननं मले काही म्हटलं नाही."

"ती कशी म्हणणार, आपा? आई समोर, खाला समोर, सगळे समोर!"

"मंग कलमा कसा म्हनते सगळ्याइच्या समोर?" असं म्हणून त्यांनी मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. "बसली हायेस तं निवड."

मी निवडली नाही. निघून आले. आणि वर ह्या बाईनं काय केलं? निमंत्रण आलं तशी लग्नाला जायचं ठरवलं. फोन करून मला विचारलं, "हिरवी साडी नेसू का निळी?" मी फोन ठेवला. पण लग्नाला मीही गेले, कारण नाझनीनच्या बाजूचं निदान एक माणूस त्या खोलीत असायला हवं होतं. दोन होतील असं मला वाटलं नव्हतं.

आमच्याकडे निकाहच्या वेळी नवरी बायकांच्या खोलीत असते आणि पुरुष बाहेर. नवरीकडून एक वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा नातेवाईक, आणि दोन साक्षीदार आत येतात, मुलाचं नाव, नवऱ्यानं तिला द्यायच्या मेहरची रक्कम सांगतात आणि तिला विचारतात: कबूल आहे का? ती हो म्हणते. म्हणजे म्हणायला हवं. प्रत्यक्षात ती दुपट्ट्याखाली मुसमुसते, शेजारची बाई तिच्या मानेवर हात ठेवून डोकं खाली दाबते, आणि बायका एका सुरात ओरडतात, "हां बोली, हां बोली!" वकील बाहेर जातो. झालं लग्न. मी किती लग्नांत हे बघितलं असेल! कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

नाझनीनच्या वेळी वकील होते तिचे मामू. त्यांनी विचारलं. नाझनीन रडली. तिच्या खालानं, आईच्या बहिणीनं, मानेवर हात ठेवला, डोकं हललं. "हां बोली!" मामू वळले.

"थांबा," आपा म्हणाल्या. "मले ऐकू नाही आलं."

बायका हसल्या. मामू म्हणाले, "आपा, आपको सुनाई नहीं देता, सबको मालूम है. हमने सुन लिया."

"काय ऐकलं?"

आता कुणी हसलं नाही. खाला म्हणाली, "लड़की शरमा रही है. चुप रहना भी हां होता है, आप ही तो पढ़ाते."

"गप्प राह्यली असती तं गोष्ट येगळी. ही रडून राहिली. रडनं म्हंजे हो का नाही, हे मले तं समजत नाही. तुमाले समजते?" चिडल्या की आपा हिंदी विसरायच्या. त्या साक्षीदारांकडे वळल्या. "गवाह तुमी हाय. कयामतच्या दिवशी तुमाले इचारतीन, पोरगी काय बोलली म्हून. काय सांगसान? खालाचा हात हालला म्हून?"

दोघांतला एक, ऑटोपार्टचं दुकान असलेला जाड गृहस्थ, दाढी खाजवत म्हणाला, "सच्ची बोलूं तो मामू, मैंने भी कुछ नहीं सुना."

नाझनीनची आई दाराशी उभी होती, ओठ घट्ट मिटून. बाहेर लाऊडस्पीकरवर कुणीतरी विचारत होतं, वकीलसाहेब कुठे आहेत. खालाचा हात अजून मानेवरच होता. नाझनीननं तो हात धरून बाजूला केला. दुपट्टा वर घेतला. आणि आपांच्या हॉलमध्ये कलमा म्हणायची त्याच आवाजात, गल्ली ऐकेल असं, म्हणाली:

"कबूल है. लेकिन बिदाई परीक्षा के बाद. पहले ये पूछ के आओ."

मामू गेले. बाहेर आरडाओरडा झाला. मुलाचे वडील म्हणाले, बारात परत नेतो. बिर्याणी गार झाली. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजची वेळ होत आली. मग आत निरोप आला, की मुलगाच म्हणाला, दोन महिन्यांनी काय बिघडतं. निकाह झाला. नाझनीन त्या संध्याकाळी आपल्या आईबापांच्याच घरी गेली. एप्रिलमध्ये तिनं परीक्षा दिली आणि मगच चंद्रपूरला गेली.

तुम्हाला वाटेल मी खूश झाले असेन. मी भडकले होते. जेवणाच्या ताटांजवळच मी आपांना गाठलं. "सगळी खोली थांबली होती, आपा! तिनं 'नाही' म्हणायचं होतं. एवढी संधी, आणि पोरगी 'कबूल' म्हणून बसली!"

आपा हाड चोखत होत्या. "मंग?"

"मंग काय? अर्धंच काम झालं."

"मी तिले 'नाही' बी शिकवलं नाही न् 'हो' बी शिकवलं नाही. तोंड उघडाले शिकवलं. आता त्याच्यातून काय निघते थे तिचं." मग माझ्या ताटाकडे बघून, "थे नळी खानार नसशीन तं मले दे."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं, आताही पूर्ण पटत नाही. ज्या पोरीचं लग्न आधीच ठरवून टाकलंय तिला कसलं आलंय 'तिचं'? मी हे आपांना अनेकदा सांगितलं. त्यांनी अनेकदा कान बदलला.

पण त्या दिवसाची किंमत मला नाही, त्यांना मोजावी लागली. 'ही बाई भर मांडवात लग्नं अडवते' असं झालं. पोरींचे आईबाप एकेक करून पोरी काढून घेऊ लागले. त्यात सर्वांत आधी नाझनीनची आई: धाकट्या आलियाला तिनं पुढच्याच रविवारी घरी ठेवलं, आणि दिसेल त्याला सांगत सुटली, की आपानं आमची इज्जत घालवली. मी म्हटलं, आपण सभा घेऊ, तुम्ही मंचावर बसा, मी जाब विचारते सगळ्यांना. आपा म्हणाल्या, "गुडघे दुखते." उरलेल्या चार पोरांना घेऊन त्या वजूचा धडा पहिल्यापासून शिकवत बसल्या. मी सांगते, असल्या माणसांसाठी लढणं फार कठीण असतं. ती स्वतः हरायला तयार असतात आणि तुम्हाला लढूही देत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी घर सोडलं. त्यांच्या मुलाला बुटीबोरीत कंपनीचं क्वार्टर मिळालं, सलीमभाई रिटायर झाले, इथलं भाडं परवडेना. टेम्पो भरत होता तेव्हा मी गेले होते. आपा ड्रायव्हरच्या शेजारी बसून सूचना देत होत्या, "कुकर वर ठेव गा, गादीखाली नको," आणि मला म्हणत होत्या की बुटीबोरीत बिहार-ओडिशाची कामगार घरं आहेत, त्यांच्या पोरांना ना उर्दू येते ना मराठी, आता त्यांचीच भाषा शिकावी लागणार. ह्या वयात! टेम्पो सुरू झाला. निरोपाचं मी काहीतरी ठरवून आले होते. आपांनी खिडकीतून हात बाहेर काढून फक्त पदर आत ओढून घेतला आणि गेल्या.

मी वळले तर मागे नाझनीनची आई उभी होती. सोबत आलिया, चौदा वर्षांची, ओढणी बोटाला गुंडाळत.

"बुटीबोरी की बस किधर से मिलती?"

माझा पारा चढला. "अब याद आई? एवढे दिवस तर तुम्हीच गावभर सांगत होता की आपानं इज्जत घालवली!"

तिनं आलियाला जरा पुढे जायला सांगितलं. मग तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "मेरे निकाह में भी गर्दन पे हाथ इसकी खाला का ही था. मेरी सगी बहन का."

 मी तिला सांगितलं, बस बर्डीवरून निघते, आपल्याला वर्धा रोडवर मिळेल. पण रविवारी पहिली भरून येते, पोरीला उभं राहावं लागेल, दुसरीनं जा.