मेघालीचा पहिला पट्टा

वस्तरा बापाचा चालतो, पण धार लावायचा चामडी पट्टा ज्याचा त्यानेच निवडायचा, आणि पहिली दाढी शिकवणाऱ्याचीच करायची. बोईसरच्या प्रताप न्हाव्याच्या घरातला हा जुना नेम. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला, तसा पुतण्या विनोद दुकानावर डोळा ठेवून बसला. प्रतापने सांगून टाकलं, "माज्या पोरीने, मेघालीने, रक्त न काढता माजी दाढी केली तर दुकान तिचं. नायतर तुझं."

मेघाली दोन वर्षं बापाच्या हाताखाली शिकलेली, पण पट्टा निवडताना फसली. सालवडच्या भंगारात कारखान्यातल्या मशीनचा जुना चामडी पट्टा दिसला. जाड, मऊ, आरशासारखा चकचकीत! तिने तो धुतला, खोबरेल चोळलं आणि खुर्चीशेजारी टांगला. दिसतं तसं नसतं, हे काय नव्याने सांगायचं?

प्रतापने डोळे मिटून साबण लावलेला गळा वर केला. बाकावरचा विनोद पुढे सरकला. मेघालीने वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे ठेवून पट्ट्यावर पहिली फेरी ओढली. सपसप यायला हवी होती, आली बारीक खरखर. तरी तिने दहा फेऱ्या ओढल्या. चामड्यात वर्षानुवर्षं लोखंडाचा कीस मुरला होता, तो पाण्याने थोडाच निघतो! एवढ्यात धारेला दाते पडले असणार.

तिने वस्तरा गळ्याजवळ नेला. बापाची शीर उडत होती. हलक्या हाताने जमेलही, असं वाटलं. थांबावं तर विनोदसमोर नाक कापलं जाणार, दुकान जाणार. तिला रडूच आलं.

तिने वस्तरा मिटला. "बाबा, पट्टा चुकला माजा. मी नाय करत."

विनोद ताडकन उठला.

"बस खाली," प्रताप त्याला म्हणाला आणि मेघालीकडे वळला. "मला पयल्या फेरीतच खरखर ऐकू आली."

"मग गळा का दिलात?"

"तुजा आजा उन्हाळ्यातपण शर्टाचं वरचं बटण लावायचा, आठवतं?"

"थंडी वाजते सांगायचे."

"त्याखाली गळ्यावर माज्या वस्तऱ्याची खूण व्हती. मीपण असलाच पट्टा आणलेला. कळलं व्हतं, पण लाजेपायी थांबलो नाय."

त्याने डाव्या हाताने दुकानाची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"जा, नीट पट्टा आण. तोवर साबण वाळू दे."